ॲस्बेस्टॉसने छाती गेली, तर भरपाई कोणत्या कायद्याने मागायची?

बाबांच्या पहिल्या एक्स-रेवर लिहिलं होतं, ‘जुन्या क्षयाच्या खुणा’. थुंकीत जंतू सापडले नव्हते, तरी सहा महिने गोळ्या झाल्या. धाप कमी झाली नाही. शेवटी एका छातीच्या डॉक्टरांनी विचारलं, “काका, आयुष्यभर काम काय केलंत?” तोवर हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता. बाबा आधी गोदीत ठेकेदाराकडे जहाजांच्या बॉयलरला आणि वाफेच्या पाइपांना लॅगिंग करायचे, म्हणजे उष्णता अडवणारं आवरण चढवायचे. ॲस्बेस्टॉस या तंतूंच्या खनिजाची पांढरी दोरी गुंडाळायची, वर लगदा थापायचा, जुनं काढताना धूळ उडायची. नंतर ते ठाण्याच्या बाजूला एका कारखान्यात लागले. तिथेही तीच धूळ होती, फक्त छपराखाली.

आजाराचं नाव कळल्यावर आम्ही घाईघाईने भरपाईचा अर्ज केला आणि तो चुकीच्या दारात केला. त्यात चौदा महिने गेले. आजारी माणसाचे चौदा महिने काय असतात, ते घरच्यांनाच ठाऊक. तुमचे तसे जाऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे.

सगळे पहिला प्रश्न विचारतात, “किती मिळतील?” तो प्रश्न शेवटी ठेवा. त्याच माणसाला, त्याच आजारासाठी, एका कायद्याने एकरकमी काही लाख मिळतात, दुसऱ्याने महिन्याला ठरावीक रक्कम आयुष्यभर मिळते, आणि तिसऱ्या ठिकाणी काहीच मिळत नाही. काम कुठे झालं, त्या काळात विमा होता का आणि आजाराची तारीख कोणती, या तीन गोष्टींवर कायदा ठरतो. आणि एक दार उघडलं की दुसरं बहुतेक वेळा बंद होतं, म्हणून क्रम महत्त्वाचा.

१. आधी आजाराचं नेमकं नाव कागदावर आणा

‘फुप्फुसाचा त्रास’ किंवा ‘श्वसनविकार’ असं लिहिलेल्या कागदावर भरपाई मिळत नाही. कर्मचारी भरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात व्यावसायिक आजारांची, म्हणजे कामामुळे होणाऱ्या आजारांची, यादी आहे आणि तिचे अ, ब, क असे भाग आहेत. धुळीने फुप्फुस कडक होण्याचा आजार, म्हणजे ॲस्बेस्टॉसिस, भाग ‘क’ मध्ये आहे. ॲस्बेस्टॉसमुळे झालेला फुप्फुसाचा कॅन्सर आणि मेसोथेलिओमा भाग ‘ब’ मध्ये आहेत. मेसोथेलिओमा म्हणजे फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा कॅन्सर. हा भागांमधला फरक पुढे मुदतीच्या हिशोबात लागतो.

फुप्फुसाच्या आवरणावर नुसते कडक चट्टे दिसले, ज्यांना डॉक्टर प्लुरल प्लाक म्हणतात, तर ते नावाने या यादीत नाहीत. पण ती संपर्काची मोठी खूण आहे. अहवालात ते दिसले असतील तर स्पष्ट लिहून घ्या, कारण ॲस्बेस्टॉसिस सिद्ध करताना त्यांचा आधार मिळतो.

तपासण्या साधारण अशा लागतात:

- छातीचा एक्स-रे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची धुळीच्या आजारांसाठी एक्स-रे वाचायची वेगळी पद्धत आहे. त्या पद्धतीने वाचन करून द्यायला सांगा.
- एचआरसीटी, म्हणजे फुप्फुसाचा बारीक सीटी स्कॅन. साध्या एक्स-रेत न दिसणारं यात दिसतं.
- फुंकण्याची तपासणी, म्हणजे पीएफटी, आणि तिच्यासोबत डीएलसीओ, म्हणजे फुप्फुसातून वायू रक्तात किती जातो याची तपासणी. कमावण्याची क्षमता किती गेली हे ठरवताना हे आकडे कामाला येतात.
- कॅन्सरचा संशय असेल तर बायोप्सी. तिचा अहवालच नव्हे, तर रुग्णालयाकडचे ब्लॉक (मेणात जपलेले नमुन्याचे तुकडे) आणि काचपट्ट्याही जपायला सांगा.

डॉक्टरांकडून एक ओळ लिहून घ्या: “रुग्णाने अमुक वर्षं ॲस्बेस्टॉसच्या धुळीत काम केलेलं असून हा आजार त्या कामाशी संबंधित आहे.” ही ओळ नसेल तर सगळी फाइल लंगडी पडते. डॉक्टर कचरले तर भांडू नका. कामाचा इतिहास एका पानावर लिहून न्या आणि तो केसपेपरवर उतरवून घ्यायची विनंती करा.

विडी-सिगारेटवरून घाबरू नका. “हे तर विडी ओढायचे” हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकवलं जाईल. धूम्रपानाने ॲस्बेस्टॉसिस होत नाही, मेसोथेलिओमाही होत नाही. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये धूम्रपान आणि ॲस्बेस्टॉस दोन्ही एकत्र आले की धोका कित्येक पटींनी वाढतो, पण म्हणून ॲस्बेस्टॉसचा वाटा पुसला जात नाही. सवय लपवू मात्र नका. लपवलेलं उलटतपासणीत बाहेर आलं की खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

२. कामाचा आलेख काढा, वर्षानुवर्षांचा

एक मोठा कागद घ्या आणि पहिल्या नोकरीपासून लिहा: कोणत्या वर्षी, कुणाकडे, कोणत्या गावात किंवा शहरात, नेमकं काय काम, धूळ कुठून यायची, ठेकेदार कोण, मुख्य मालक कोण, पगार कसा मिळायचा, ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) कापलं जायचं का, पीएफ कापला जायचा का.

हा आजार उशिरा दिसतो. ॲस्बेस्टॉसिस दिसायला दहा-वीस वर्षं लागू शकतात, मेसोथेलिओमाला तीस-चाळीससुद्धा. त्यामुळे फक्त शेवटची नोकरी किंवा आत्ताचा काळ पाहाल तर मूळ कारणच निसटेल. मुंबईत ही धूळ कुठे कुठे होती ते आठवा: गोदीतली जहाजदुरुस्ती, दारुखान्यातलं जहाज तोडणं, गिरण्यांचे बॉयलर, रेल्वेची वर्कशॉप, वीजकेंद्रं, ब्रेक लायनिंग आणि क्लच बनवणारे कारखाने, सिमेंटचे पत्रे बनवणारे कारखाने, गॅस्केट कापायची दुकानं. पत्रे कापून बसवणारा मिस्त्रीसुद्धा यात येतो.

बाबांना तारखा आठवत नव्हत्या. मग आम्ही घरच्या घटनांवरून त्या लावल्या. माझा जन्म, गिरणी संपाचं वर्ष म्हणजे १९८२, गावच्या घराचं छप्पर, थोरल्या काकांचं लग्न. दोन संध्याकाळी चहाच्या कपावर बसून आलेख पूर्ण झाला. त्यात त्यांच्या सोबत काम करणाऱ्या चौघांची नावं निघाली आणि त्यातले दोघे पुढे साक्षीदार झाले.

३. आता कायदा ठरवा

आमची चूक इथे झाली. नीट वाचा.

*विमा असेल तर ईएसआय.* कामगार कर्मचारी राज्य विमा कायद्याखाली, म्हणजे ईएसआयखाली, विमाधारक असेल आणि आजार त्या नोकरीतला असेल, तर भरपाई ईएसआय महामंडळाकडूनच मागावी लागते. १९४८ च्या त्या कायद्याचं कलम ५३ सांगतं की अशा कामगाराला त्याच इजेसाठी मालकाकडून दुसऱ्या कायद्याने नुकसानभरपाई घेता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९० च्या दशकातल्या निकालांत हे पक्कं केलं. आम्ही कामगार न्यायालयात गेलो, समोरच्या वकिलांनी वर्गणीच्या पावत्या ठेवल्या आणि आमचा अर्ज तिथेच अडला. चूक आमच्या वकिलांच्या नजरेतून सुटली होती आणि आम्हीही कधी विचारलं नव्हतं. पगारातून दर महिन्याला कापली जाणारी ती छोटी रक्कम कशासाठी होती, हे बाबांनासुद्धा नीट माहीत नव्हतं.

*विमा नसेल तर कर्मचारी भरपाई कायदा.* गोदीतला ठेकेदाराचा माणूस, छोट्या शेडमधला कामगार, पगाराची मर्यादा ओलांडून ईएसआयबाहेर गेलेला कर्मचारी, यांच्यासाठी १९२३ चा कायदा आहे. जुनी माणसं त्याला अजून ‘वर्कमेन कॉम्पेन्सेशन’ म्हणतात. ईएसआयची पगारमर्यादा १ जानेवारी २०१७ पासून २१,००० रुपये आहे. ठेकेदार पळून गेला किंवा बुडाला तरी हताश होऊ नका. कलम १२ प्रमाणे मुख्य मालकाकडून भरपाई मागता येते, आणि मग ठेकेदाराकडून वसूल करणं ही त्याची डोकेदुखी.

*अनेक मालक असतील तर.* भाग ‘क’ मधल्या आजारासाठी एकापेक्षा जास्त मालकांकडे काम झालं असेल, तर कलम ३(२अ) प्रमाणे आयुक्त, म्हणजे या कायद्याखालचे दावे ऐकणारे अधिकारी, सगळ्यांवर योग्य प्रमाणात जबाबदारी वाटून देऊ शकतात. म्हणून अर्जात एकाच मालकाचं नाव घालून थांबू नका.

*तारीख कोणती?* २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कामगार कायद्यांच्या जागी चार कामगार संहिता लागू झाल्या. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये ईएसआय आणि कर्मचारी भरपाई हे दोन्ही आले आणि जुन्या आयुक्तांच्या जागी ‘सक्षम प्राधिकारी’ हा शब्द आला. व्यावसायिक आजारांची यादी आणि दोन वर्षांची मुदत संहितेतही आहे. भरपाईचा हक्क इजेच्या दिवशी तयार होतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ च्या प्रताप नारायण सिंग देव प्रकरणात सांगितलं आहे. त्यामुळे ज्याचा हक्क आधीच तयार झाला, त्याने जुन्या कायद्याची कलमं लावावीत. खाली मी कलमं जुन्या कायद्यांची देते आहे, कारण आज फाइल घेऊन फिरणाऱ्या बहुतेकांचा आजार त्या तारखेआधीचा आहे.

*घरच्या बाईला आजार झाला तर.* कामगाराचे धुळीने माखलेले कपडे झटकून, धुऊन बायकोला किंवा आईला हा आजार होऊ शकतो. ती ‘कर्मचारी’ नसल्यामुळे वरचे दोन्ही कायदे तिला लागू होत नाहीत. तिच्यासाठी दिवाणी दावा हाच रस्ता आहे आणि त्यासाठी वकील पहिल्याच दिवशी हवा.

एक गोष्ट सगळ्यांना लागू: दिवाणी दावा आणि आयुक्तांकडचा अर्ज, दोन्ही एकाच वेळी चालत नाहीत. कलम ३(५) प्रमाणे एक निवडलात की दुसरा बंद.

४. कागद जमवा

यादी लांब आहे, पण सगळंच प्रत्येकाकडे नसतं. जे आहे ते काढा:

- आधार, पॅन, वयाचा पुरावा. भरपाईच्या हिशोबातला गुणक वयावर ठरतो, म्हणून शाळा सोडल्याचा दाखला असेल तर उत्तम.
- नेमणुकीचं पत्र, ओळखपत्र, टोकन, गेटपास, हजेरी कार्ड. गोदीचा जुना प्रवेश-पास असेल तर सोन्यासारखा जपा.
- पगारपत्रकं, बोनसची पावती, पीएफचं पासबुक किंवा जुन्या वार्षिक स्लिपा.
- ईएसआयचं कार्ड, विमा क्रमांक, दवाखान्याच्या जुन्या चिठ्ठ्या.
- माथाडी मंडळात किंवा बांधकाम कामगार मंडळात नोंद असेल तर ते पुस्तक.
- सगळे तपासणी अहवाल आणि फिल्म. नुसता कागद नको, फिल्म किंवा सीडीसुद्धा हवी.
- औषधं, ऑक्सिजन, रुग्णालय यांची बिलं. कर्मचारी भरपाई कायद्यात २००९ च्या दुरुस्तीनंतर उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकाने वेगळा द्यायचा असतो. बिल नसेल तर खर्च नाही.
- सोबत काम केलेल्या दोन-तीन जणांची प्रतिज्ञापत्रं.

मालकाकडे आरोग्य नोंदी लेखी मागा. कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी आदेश दिला की ॲस्बेस्टॉस उद्योगाने प्रत्येक कामगाराची आरोग्य नोंद नोकरी सुरू झाल्यापासून ४० वर्षं किंवा नोकरी संपल्यावर १५ वर्षं, यातलं जे नंतर येईल तोपर्यंत ठेवायची. त्याच निकालात कामगाराचं आरोग्य हा घटनेच्या कलम २१ मधला हक्क मानला गेला आणि त्या प्रकरणातल्या ज्या कामगारांचा आजार तपासणीत सिद्ध होईल त्यांना प्रत्येकी एक लाख रुपये द्यायला सांगितले. पत्र स्पीड पोस्टाने पाठवा, पोचपावती ठेवा. “नोंदी उपलब्ध नाहीत” असं उत्तर आलं तरी तो तुमच्या बाजूचा कागद आहे, कारण नोंद ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक होतं.

दुसरा रस्ता माहिती अधिकाराचा. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचं मुख्य कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात आहे. त्या कारखान्याच्या तपासणीचे अहवाल, धुळीच्या मोजणीचे आकडे आणि व्यावसायिक आजारांच्या आलेल्या सूचना मागा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवसांची मुदत. जुन्या कारखाने अधिनियमात आणि आता त्याच्या जागी आलेल्या संहितेतही ॲस्बेस्टॉसिस हा कळवायलाच हवा असा आजार आहे आणि ज्या डॉक्टरांना तो सापडतो त्यांनीही मुख्य निरीक्षकांना कळवायचं असतं. तुमच्या डॉक्टरांना ही सूचना पाठवायला सांगा. सरकारी दप्तरात त्या तारखेला नोंद झाली, तर पुढे तारखेवरून वाद कमी होतो.

५. मुदत सांभाळा

कर्मचारी भरपाई कायद्याच्या कलम १० प्रमाणे अर्जाला दोन वर्षं. व्यावसायिक आजारात इजेचा दिवस म्हणजे आजारामुळे सलग गैरहजेरी सुरू झाली तो पहिला दिवस. कामावर जाता येतंय पण क्षमता कमी झाली आहे अशा स्थितीत, मालकाला लेखी कळवल्याच्या तारखेपासून दोन वर्षं धरतात. म्हणून आजाराचं नाव कळलं की त्याच आठवड्यात मालकाला नोटीस द्या.

नोकरी सुटून वीस वर्षं झाल्यावर आजार कळला तर? इथे पुष्कळ जण “आता काही होत नाही” हे ऐकून परत फिरतात. कलम ३(२) च्या परंतुकात असं आहे की भाग ‘ब’ किंवा ‘क’ मधल्या कामात ठरलेला सलग काळ काढलेल्या कामगाराला सेवा संपल्यावर आजार झाला आणि तो त्या कामामुळेच झाल्याचं सिद्ध केलं, तर तीही इजाच. भाग ‘ब’ साठी हा सलग काळ सहा महिन्यांचा आहे, भाग ‘क’ साठी केंद्र सरकारने त्या त्या कामाला ठरवलेला. अडचण एवढीच की नोकरी सुटल्यावर दोन वर्षांच्या आत लक्षणं आली असतील तर कलम १० मध्ये तारीख ठरवणं सोपं जातं आणि त्यानंतर आली असतील तर पुराव्याचं ओझं तुमच्यावर जास्त येतं. उशीर झाला असेल तर मुख्य अर्जासोबत विलंबमाफीचा अर्ज जोडा. त्यात आजार कधी कळला, आधी क्षय म्हणून उपचार झाले का, त्याचे कागद कोणते, हे तारखांसह मांडा. पुरेसं कारण असेल तर आयुक्त उशीर माफ करू शकतात.

बाबांच्या क्षयाच्या चुकीच्या गोळ्यांचं कार्ड मी रागाने फेकून देणार होते. तेच पुढे उशिराचं कारण दाखवायला लागलं.

६. अर्ज कुठे करायचा

ईएसआयसाठी तुमच्या शाखा कार्यालयापासून सुरुवात करा. मुंबईचं प्रादेशिक कार्यालय लोअर परळला ना. म. जोशी मार्गावर पंचदीप भवनात आहे. शाखेत व्यावसायिक आजाराचा दावा म्हणून लेखी अर्ज द्या. तोंडी बोलून आलात तर तुम्ही आलाच नव्हता. मग मेडिकल बोर्डासमोर तपासणी होते. बोर्ड दोन गोष्टी ठरवतं: हा व्यावसायिक आजार आहे का आणि कमावण्याची क्षमता किती टक्के गेली. बोर्डासमोर जाताना मूळ फिल्म आणि तुम्ही काढलेला कामाचा आलेख न्या. पेशंट जिना चढून दमलेला दिसू नये म्हणून आम्ही बाबांना टॅक्सीने नेलं, एक तास आधी बसवलं. तो मूर्खपणा होता. डॉक्टरांना त्यांचा रोजचा श्वास कसा असतो तेच दिसायला हवं होतं.

बोर्डाने टक्के कमी दिले तर अपील आहे, वैद्यकीय अपील न्यायाधिकरणाकडे किंवा विमा न्यायालयात. मुदत कमी असते, तीन महिने. निर्णयाची प्रत हातात पडली की तारीख कॅलेंडरवर लिहा. आम्ही अपील केलं, नवा पीएफटी अहवाल जोडला आणि टक्के वाढले.

कर्मचारी भरपाई कायद्याखालचा अर्ज आयुक्तांकडे जातो. मुंबईत कामगार न्यायालयाचे न्यायाधीश हे काम बघतात. कलम २१ फार उपयोगी आहे. काम झालं त्या भागातल्या आयुक्तांकडे, कामगार किंवा त्याचे अवलंबित राहतात त्या भागात, किंवा मालकाचं नोंदणीकृत कार्यालय आहे त्या भागात, तिन्हींपैकी कुठेही अर्ज चालतो. मुंबईत काम करून निवृत्तीनंतर चिपळूण किंवा पाटणला गेलेल्या माणसाला दर तारखेला रातराणीने मुंबई गाठायची गरज नाही. उलट, गुजरातमधल्या अलंगला जहाज तोडायला गेलेला आणि आता गोवंडीत राहणारा माणूस मुंबईत अर्ज करू शकतो. इजेच्या भागाबाहेर अर्ज केला तर तिथल्या आयुक्तांना आणि त्या राज्य सरकारला सूचना पाठवावी लागते. ती गेली का हे विचारत राहा, नाहीतर अर्ज तिथेच पडून राहतो.

वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने औद्योगिक कामगार आणि स्त्रिया यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे.

७. आता हिशोब

कर्मचारी भरपाई कायद्यात सूत्र आहे. कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर मासिक पगाराच्या ६० टक्के गुणिले वयाचा गुणक. मृत्यू असेल तर ५० टक्के गुणिले गुणक. गुणक चौथ्या परिशिष्टात आहे: वय ४० ला १८४.१७, ५० ला १५३.०९, ५५ ला १३५.५६, ६० ला ११७.४१, ६५ आणि पुढे ९९.३७. पगार कितीही असला तरी हिशोबासाठी मर्यादा आहे. ३ जानेवारी २०२० पासून ती १५,००० रुपये आहे, त्याआधी ८,००० होती.

समजा वय ५५, पगार १८,०००. हिशोबाला १५,००० धरायचे. पूर्ण अपंगत्वाला ९,००० × १३५.५६ = १२,२०,०४० रुपये. कमावण्याची क्षमता ४० टक्के गेली असं ठरलं तर त्याचे ४० टक्के, म्हणजे ४,८८,०१६ रुपये. हीच पूर्ण अपंगत्वाची इजा २०१९ मधली ठरली तर ४,८०० × १३५.५६ = ६,५०,६८८ रुपये, म्हणजे जवळजवळ निम्मे. इजेची तारीख कोणती यावर समोरचे वकील एवढे का भांडतात ते या आकड्यांत दिसतं. वयाचा गुणकही त्याच तारखेचा लागतो.

भरपाई देय झाल्यापासून महिन्यात दिली नाही तर वर्षाला १२ टक्के साधं व्याज, आणि कारण नसताना उशीर केला तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. वरच्या ४,८८,०१६ रुपयांवर तीन वर्षांचं व्याजच पावणेदोन लाखांच्या वर जातं. अर्जात व्याज आणि दंड दोन्ही स्पष्ट मागा.

ईएसआयमध्ये एकरकमी नसतं. पूर्ण अपंगत्वाला सरासरी रोजच्या पगाराच्या ९० टक्के, आणि अंशतः असेल तर त्याच्या टक्केवारीने. रोजचा सरासरी पगार ६०० असेल तर पूर्ण दर ५४०. ४० टक्के ठरले तर रोज २१६, तीस दिवसांच्या महिन्याला ६,४८० रुपये, आणि हे आयुष्यभर. कामगार गेला तर पूर्ण दराच्या तीन-पंचमांश पत्नीला आणि दोन-पंचमांश प्रत्येक पात्र मुलाला, एकूण पूर्ण दराच्या मर्यादेत.

८. परराज्य आणि परदेश

केंद्राचे कायदे सगळीकडे एक असले तरी राज्यांची मदत वेगळी असते. राजस्थानने २०१९ मध्ये न्यूमोकोनिओसिससाठी, म्हणजे धुळीच्या फुप्फुसरोगांसाठी, धोरण आणलं. त्यात प्रमाणपत्र मिळाल्यावर तीन लाख आणि मृत्यूनंतर वारसांना दोन लाख आहेत. हरियाणाचं धोरण फक्त सिलिकोसिसचं आहे. म्हणून खाणीत किंवा पत्र्याच्या कारखान्यात परराज्यात काम झालं असेल तर त्या राज्याचं धोरण वेगळं तपासा.

बोटीवर काम केलेल्यांनी हे वाचावं. ब्रिटनमध्ये काम करताना संपर्क झाला असेल तर तिथले कायदे लागतात आणि त्यातही प्रदेशाप्रमाणे फरक आहे. आवरणावरच्या नुसत्या चट्ट्यांसाठी भरपाई नाही, असं तिथल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, २००७ मध्ये ठरवलं आणि इंग्लंड-वेल्समध्ये तेच चालतं. स्कॉटलंडने २००९ मध्ये वेगळा कायदा करून त्याच चट्ट्यांसाठी दावा करता येईल असं केलं. म्हणजे ग्लासगोच्या गोदीत काम केलेल्याला हक्क आणि लिव्हरपूलच्या गोदीतल्याला नाही. साधारण मुदत माहिती झाल्यापासून तीन वर्षं. मूळ कंपनी परदेशी असेल तर तिथल्या न्यायालयात जाता येऊ शकतं. दक्षिण आफ्रिकेच्या ॲस्बेस्टॉस कामगारांना २००० साली हाउस ऑफ लॉर्ड्सने केप या ब्रिटिश कंपनीविरुद्ध इंग्लंडमध्ये दावा चालवू दिला. हे काम एकट्याने करण्यासारखं नाही. पण मालकाच्या जुन्या लेटरहेडवर परदेशी कंपनीचं नाव दिसलं तर तो कागद बाजूला काढून ठेवा.

९. तडजोड, आणि माणूस गेला तर

मालकाचा माणूस घरी येईल. पन्नास हजार टेबलावर ठेवेल, कागदावर सही मागेल. सही करू नका. हक्क सोडून देणारा करार कायद्याने रद्दच असतो, पण तो नाकारायला पुन्हा वर्ष जातं. मृत्यूची भरपाई मालकाने आयुक्तांकडेच जमा करायची असते. घरच्यांच्या हातात दिलेले पैसे कायद्याने भरपाई धरले जात नाहीत.

अर्ज तीन महिन्यांत निकाली काढावा असं कायद्यात लिहिलं आहे. प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो आणि काही वेळा पेशंट निकालापर्यंत राहत नाही. हे बोलणं कठीण आहे, तरी आधी बोलून ठेवा. पेशंटची साक्ष लवकर नोंदवायची विनंती करा. घरी ऑक्सिजनवर असेल तर तेही अर्जात लिहा. मृत्यूच्या दाखल्यावर ‘हृदय बंद पडणे’ एवढंच लिहू देऊ नका. मूळ आजाराचं नाव कारण म्हणून यायला हवं. आधी निदान पक्कं नसेल तर शवविच्छेदनाचा विचार करा. त्या दुःखाच्या तासात हे सुचत नाही, म्हणून घरातल्या एकाने ही जबाबदारी आधीच घ्यावी. आमच्या घरी ती माझ्या धाकट्या भावाने घेतली.

बाबा गेल्यावर आईचं नाव लावायला त्यांचा मृत्यूदाखला, लग्नाचा पुरावा, रेशनकार्ड आणि आईच्या स्वतःच्या नावाचं बँकखातं लागलं. आईचं खातं नव्हतं, ते उघडण्यात तीन आठवडे गेले. तुमच्या घरी आजारी माणसाच्या बायकोचं खातं नसेल तर ते याच आठवड्यात काढा.